उतरलेली तार

माघ वद्य पंचमी, शुक्रवार

आज मास्तरांनी मला पकडलंच. वसंताला शाळेच्या वाद्यवृंदात घेतलंय, म्हणून ते संध्याकाळी घरी येऊन त्याला फिडल शिकवतात. ते बाहेर सोप्यात, मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत असते. मिलचा भोंगा झाला तरी आज वसंताची एक तार उतरलेलीच. तेवढ्यात मास्तर आत ऐकू येईलसं म्हणाले, "वहिनी, किती चढवू?"

आगाऊच मेले! मला का विचारावं?

"तार उतरली की तुमच्या भाकरीची थाप थांबते. रोज ऐकतो की मी."

खरंच थांबते? माझं मलाच ठाऊक नव्हतं. अक्कलकोटला माहेरी माझा दिलरुबा अजून खुंटीला आहे. लग्न झाल्यापासून हात लावलेला नाही. त्याच्या तारा कुणी सैल करून ठेवल्या असतील का?

शेवटी म्हटलं, "अजून जराशी." त्यांनी खुंटी पिळली. तार लागली, आणि मला एकदम भरून आलं.

मास्तर गेल्यावर वसंता आत आला. "आई, तुला गं कसं कळलं?"

"बस जेवायला, भाकरी गार होतेय," मी म्हटलं.

तव्यावर ती केव्हाच करपली होती.