साडेसहा फेरे

९ नोव्हेंबर

गाढव! आज पुन्हा दगड कापायच्या पाच चकत्या बदलल्या. माझ्या पाळीत!

गेबहार्ड रात्रभर क्रेसेन्झला – आमच्या बोगदा खोदणाऱ्या मशीनला – मिनिटाला साडेसहा फेऱ्यांनी गरागरा फिरवतो, सकाळी सहाला हसत हसत खुर्ची सोडतो – "सगळं झकास, बुर्गल, लोण्यासारखा दगड आहे!" – आणि सात वाजता त्या लोण्यातून ठाण ठाण आवाज यायला लागतात. चकत्या तापून लाल, धार एका बाजूने चपटी, पाणी मारलं की नुसती वाफ. मग मशीन थांबवा, चकत्या बसवलेल्या मुंडक्याच्या मागच्या भोकातून पोटावर सरपटत आत जा, माणसाहून दुप्पट जड चकती साखळीने ओढून काढा. नवी बसवा. पुढची बघा. नियम असा की ज्याच्या पाळीत चकती मरते त्याने बदलायची. त्याच्या पाळीत ती आजारी पडते. मरते माझ्या पाळीत.

बोगद्याच्या दारावरच्या फळ्यावर खडूने: गेबहार्ड सतरा मीटर, बुर्गल सहा.

हा माणूस माझा नवरा आहे. घरीही तेच. स्वयंपाक तो करतो, शाबासकी तो घेतो, कढया मी घासते.

१० नोव्हेंबर

ओबरहोल्झर साहेबांनी आज जेवणघरात चमच्याने पेला वाजवला. तोंडात सॉसेज होतंच. हा बोगदा उन्हाळ्यात संपेल. पुढे कंपनीकडे मशीन चालवणाऱ्याच्या दोन जागा – एक आमच्याच खोऱ्यात, घरापासून सायकलवर. दुसरी कॅनडात. ४ डिसेंबरला बोगदेवाल्यांची राखण करणाऱ्या संत बार्बराचा सण; त्याच्या आदल्या दिवसाच्या रात्रपाळीपर्यंत फळ्यावर ज्याचे मीटर जास्त, त्याला खोऱ्यातली. शिवाय सणाला बार्बराची मूर्ती बोगद्यात उचलून न्यायचा मानही त्यालाच.

"नवराबायकोत भांडण लावायला मला आवडत नाही," असं म्हणाले. आवडतं त्यांना. चेहरा बघितला मी.

गेबहार्डने टेबलाखालून पाय मारला. "जो जिंकेल तो आफ्राला रोज झोपवणार. कबूल?"

"कबूल."

आफ्रा, आमची लेक, सात वर्षांची आहे. तीन वर्षं माझ्या आईकडे राहते, आम्ही एक रविवार सोडून एक रविवार जातो. मला ती जागा हवी आहे. त्यालाही हवी आहे, त्याच कारणासाठी. म्हणून तर त्याला सरळ शिव्याही देता येत नाहीत! तरी देते.

१३ नोव्हेंबर

चकत्या, चकत्या, चकत्या. आठ मीटर. पाठ गेली.

१५ नोव्हेंबर

लुगर कागद घेऊन आला. लुगर म्हणजे आमचा इंजिनियर – चष्मा, लांब मान, डब्यात कायम कापलेलं गाजर. सगळे त्याला हसतात. मीही हसायचे.

म्हणाला, "शाळेत पोरं हात धरून रांगेने गोल फिरतात ना? मधलं पोर जागच्या जागी वळतं, कडेचं धावून धावून मरतं. मुंडक्याचं तसंच. फेरे वाढवले की कडेच्या चकत्यांची वाट लागते."

"मग गेल्या महिन्यात साडेसहावर काही झालं नाही ते?"

"गेल्या महिन्यात दगड एकसंध होता. कठीण, पण गुळगुळीत. तिथे जोरात फिरायचं आणि थोडं थोडं चावायचं, बरोबर होतं. आता तडे आलेत. प्रत्येक फेऱ्यात चकती तड्याच्या कडेवर आपटते. जितके फेरे, तितके दणके. साडेचारवर ये आणि मागून रेटा वाढव. कमी वेळा चाव, मोठा घास घे."

आता हे गेबहार्डला गाजरवाल्याच्या तोंडून कोण ऐकवणार!

१७ नोव्हेंबर

काल करून पाहिलं. साडेचार फेरे, रेटा वाढवला. पहिला तास कान लावून बसले. क्रेसेन्झ इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. मशीनला ज्यांचं नाव दिलंय त्या गावच्या बेकरीणबाईसुद्धा एवढ्या शांत नसतात. चौदा मीटर! एकच चकती बदलली.

संध्याकाळी सगळं धडधाकट त्याच्या हातात दिलं. आज सकाळी परत घेतलं तर सहा चकत्या मेलेल्या आणि फळ्यावर त्याचे वीस. म्हणजे मी मशीन सांभाळायचं आणि त्याने ते उधळायचं. छान!

२० नोव्हेंबर

आज पाळी बदलताना जुंपली. दिवसात तीच दहा मिनिटं आम्ही एकमेकांना दिसतो. खोलीत पलंग एकच. मी निजायला जाते तेव्हा तो नुकताच उठून गेलेला असतो. अंथरूण गरम असतं, माणूस नसतं.

"फेरे कमी कर, गेबहार्ड."

"दगड काय सासुरवाडी आहे, हळूहळू जायला?"

"एकदा आत जाऊन चकती बदल, मग बोल."

"माझ्या पाळीत मरतच नाहीत त्या. आत जाऊन काय आरती करू?"

"मरत नाहीत, कारण तू अर्धमेल्या माझ्या गळ्यात घालतोस!"

"तुझा हात जड आहे, बुर्गल. माझ्याजवळ कशा गुमान राहतात बघ."

पाना फेकून मारला असता. पण पाना कंपनीचा आहे.

२३ नोव्हेंबर

रविवार. आईने डुकराच्या मांसाचे गोळे केले होते, सारात घालून. आफ्राने टेबलावर तीन ताटल्या मांडल्या – तिची, त्याची, माझी. मग कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"दोघांपैकी एकच येणार ना घरी? आजी म्हणाली."

"हो."

"मग सवय करायला हवी," म्हणाली, आणि एक ताटली उचलून परत कपाटात ठेवली. माझी की त्याची, ते सांगितलं नाही. आम्ही दोघांनी एका ताटलीत जेवून घेतलं आणि खूप हसलो. आई हसली नाही.

परतताना घाटात गेबहार्डने रेडिओ लावला, मोठ्याने. एरवी हा माणूस दाढी करतानासुद्धा बोलतो! मला खिडकीबाहेर बघायला बरं पडलं.

२८ नोव्हेंबर

म्हातारा वेंडेलिन – दगड बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावर असतो – आज सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईने बार्बरा उचलली तर छत खाली येईल. आमच्या वेळी बाईला बोगद्यात पाऊलसुद्धा टाकू देत नसत."

मी म्हटलं, "वेंडेलिनकाका, बार्बरा कोण आहे? बोकड? आठ वर्षं दाराशी कोनाड्यात उभी आहे ती बाई, अजून एक खडा पडला नाही."

त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे कडक श्नाप्स दारूचा एक घोट मागितला. दिला.

१ डिसेंबर

सकाळचा फळा: गेबहार्ड एकोणीस मीटरने पुढे. एकोणीस! आजची धरून माझ्या तीन पाळ्या उरल्या. त्याच्याही तीन.

साडेचारवर चालवून मी शहाणी ठरेन. शहाणी, आणि कॅनडात.

२ डिसेंबर

उद्या एकच संधी. कालचे मीटर आमचे सारखेच पडले, सकाळी अंतर तेवढंच होतं.

३ डिसेंबर

केलं मी.

फळ्यावर सकाळी अजूनही एकोणीसच. बसल्या बसल्या आधी सहा फेरे, मग साडेसहा. नवे तडे, आडवेतिडवे, अगदी वाईट दगड – आणि मी दात चावून बसले. दुपारी ठाण ठाण सुरू झालं. थांबले नाही. लुगर दोनदा केबिनमध्ये आला. एकदा म्हणाला, "बुर्गल, ऐकू येतंय ना?" दुसऱ्यांदा नुसता चष्मा पुसत उभा राहिला. त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, "लोण्यासारखा दगड आहे." लाज वाटली. तरी हात मागे घेतला नाही.

तेवीस मीटर! इथला विक्रम! पोरांनी हेल्मेटं वाजवली, ओबरहोल्झर साहेबांनी मिठी मारली – त्यांच्या अंगाला मोहरीचा वास येतो. मी चार मीटरने पुढे.

संध्याकाळी गेबहार्ड आला. फळा बघितला. केबिनमध्ये येऊन पॅनेलवर तळहात ठेवला, डॉक्टर ठेवतो तसा.

"किती मेल्यात?"

"पाच. तुझ्या पाळीत मरतच नाहीत ना? आता जा आत. आरती कर."

तो हसला. "पाच चकत्या म्हणजे तीन-चार तास. उरलेल्या रात्रीत चार मीटर मी झोपेत खोदेन, बुर्गल."

खोदेल. माहीत आहे मला. चकत्या जाळून झाल्या, लुगरची नजर झेलून झाली, आणि जागा तरी त्याचीच. पडले तेव्हा अंथरूण गरम होतं. त्याच्या उशीवर डोकं ठेवून त्याला शिव्या दिल्या.

४ डिसेंबर, बार्बरा

फळ्यावर गेबहार्डच्या नावापुढे शून्य.

लुगर म्हणाला, "मेलेल्या पाचच होत्या. रात्री दहापर्यंत त्या झाल्या. मग म्हणाला, आता शेजारची काढू. मग तिच्या शेजारची. मी तीनदा सांगितलं, बाकीच्या जानेवारीपर्यंत टिकतील. वीस बदलल्या त्याने. स्वतः आत बसून, सकाळपर्यंत. एक फेरा फिरवला नाही."

केबिनमध्ये फेऱ्यांचं बटण साडेचारवर आणून ठेवलेलं होतं.

खोलीत तो बुटांसकट पलंगावर आडवा, तोंड उघडं, दोन्ही तळहातांना पट्ट्या. मला बघून एक डोळा उघडला. "आत फार गरम असतं गं," म्हणाला, आणि परत झोपला.

आफ्राला फोन केला. तिने विचारलं, "कोण येणार घरी?"

"मी," म्हणाले, आणि रडत सुटले – त्या गाढवासाठी.