नियमांवरची आजची तारीख

सोमवार, ३ तारीख
पुढच्या महिन्यात शिपाई म्हणून तीन वर्षं भरतात. मग मी कायम. आजपासून दोन गोष्टी: रोज लिहायचं आणि तोंड आवरायचं.

साहेबांनी युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर नियमांचं कपाट माझ्या ताब्यात दिलं. तपासणीची कमिटी येणार, सगळं अप टू डेट हवं, ही नवी पानं लावा म्हणाले. बिनघोर राहा म्हटलं. चौथीच शिकले, पण डेट म्हणजे तारीख हे मला कुणी शिकवायला नको.

मंगळवार, ४
शी! नियमांवर आठ वर्षांपूर्वीच्या तारखा. सगळ्या खोडल्या आणि ‘लागू दिनांक’पुढे आजचा शिक्का मारला. नव्या पानांवर तारीखच नव्हती, रद्दीत टाकली.

बुधवार, ५
कपाट उघडलं, तर सगळे नियम कालचे! परत शिक्के. म्हणजे हे केर काढण्यासारखं आहे, रोजचं. आधीच्या माणसाला एवढंही कळलं नाही.

सोमवार, १०
कॉम्प्युटरचा ऑपरेटर सकाळी फाईल बघतो आणि त्यात असेल ते करतो. सातवा नियम: लागू होईल त्या दिवशी सगळ्यांनी पासवर्ड बदलावा. त्यामुळे रोज बदलतात. एक प्रोफेसर रडकुंडीला येऊन म्हणाले, बाई, शब्द संपले हो, आज सासूबाईंचं नाव टाकलंय. म्हटलं, उद्या सासरे टाका, माणसं जवळ येतात. (तोंड उद्यापासून आवरू.)

बारावा नियम: लागू झाल्यापासून सात दिवसांनी जुनी यंत्रं काढावीत. सातवा दिवस काही येत नाही. ऑपरेटर वाट बघतोय. बघू दे.

शुक्रवार, १४
कमिटी आली. अध्यक्ष म्हणाले, इतके ताजे नियम आम्ही कुठेच पाहिले नाहीत. ताजेच, बोटाला शाई लागली त्यांच्या! त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, एआयचा नियम कुठाय? म्हटलं, उद्या या, उद्याच्या तारखेचा देते. साहेबांना जोरात ठसका लागला. पाणी मीच दिलं. माझ्याशिवाय या ऑफिसचं पान हलत नाही.

सोमवार, १७
आस्थापनेतून बोलावणं आलं. पेढे सांगूनच गेले.

तिथला क्लार्क म्हणाला, बाई, तुम्ही तर आजच लागलात. म्हटलं, डोळे तपासून घ्या. त्याने माझा नेमणुकीचा आदेश पुढे सरकवला. नीट राहील म्हणून मीच तो नियमांच्या कपाटात ठेवला होता, आणि आज सकाळीच साहेबांनी तिथून काढून पाठवला होता. ‘लागू दिनांक’पुढे माझाच शिक्का. सुबक, सरळ, आजचा. वर तो म्हणतो, बरं झालं आजच पाठवला, उद्या पाठवला असता तर तुम्ही अजून लागलाच नसता.

माझ्याकडचा शिक्का साहेबांनी काढून घेतला.

घरी नवऱ्याने विचारलं, काय गं, झालीस का कायम?
म्हटलं, आज पहिलाच दिवस होता, दमले.