शेवग्याची पूड

पाथर्डी,
जानेवारी १९९६

प्रिय सम्राट,

तुझं पत्र मिळालं. ‘आणखी काही शाळांचे निकाल येऊ देत, मग बघू,’ असं लिहितोस. आता कुणाचे यायचे राहिलेत रे? शिक्षकांच्या मासिकात तुझा लेख आला, तेव्हा मी तो स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला होता. शेवग्याच्या बियांची पूड गढूळ पाण्यात ढवळली की पाणी निवळतं, जंतूही मरतात, उकळायची गरज नाही. आणि शेवटी तू लिहिलं होतंस, ‘मी म्हणतो म्हणून मानू नका. आपापल्या गावच्या पाण्यावर करून बघा आणि खरंखोटं कळवा.’ त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. पत्ता माझा दिलास, म्हणून सगळ्यांचे निकाल माझ्याकडे आले.

राजूरच्या दानीएल सरांनी कळवलं, पाणी काचेसारखं नितळ झालं, पण तपासणीच्या बाटलीत भरून उबेला ठेवलं तर दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट. म्हणजे जंतू जिवंतच. सोनईहून तेच आलं, मग गावोगावहून तेच. तू म्हणालास, मास्तर लोकांचे हात स्वच्छ नसतात. म्हणून मी स्वतः भांडी उकळून घेऊन वर्गात प्रयोग केला. पुडीचं पाणी काळं पडलं. नुसतं उकळलेलं तेवढं जसंच्या तसं राहिलं. तेही तुला लिहिलं.

तोवर आई-आबा ऊसतोडीला गेले होते. दसऱ्याला तू दिलेला पुडीचा डबा आईनं ट्रकमध्ये मांडीवरच धरला होता. मी कारखान्याच्या तळावर निरोप धाडला, पाणी उकळूनच प्या. आबांचा उलटा निरोप आला, “आक्काला म्हनावं, आपल्या पोराचं औशद हाय. ते खोटं व्हईल का?”

आईला जुलाब-उलट्या लागल्या. तू पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. शिळ्या भाकरीनं झालं असं लोक म्हणाले, तूही मान हलवलीस. आईच्या जलदानविधीच्या दिवशी शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या छबूबाईनं मला बाजूला घेतलं. आई आधी पाटाचं पाणी रोज उकळायची. पूड आल्यापासून बंद केलं. “सरपन बी वाचतंय, अन् माज्या सम्राटचं हाय,” म्हणायची.

हे तुला कधीच सांगणार नव्हते. पण काल तळावर गेले होते. आबा दिवस मावळला की प्रत्येक कोपीत पूड वाटत फिरतात, आईच्या नावानं. छबूबाईच्या नातवाला जुलाब होताहेत. तिला मी उकळायला लावलं, बाकीचे ऐकत नाहीत. शिकलेल्या पोराचं औषध आहे म्हणतात. आबांना सगळं सांगायचंच ठरवून मी समोर बसले. तर आबाच सांगू लागले, “तुजी आई थकून यायची, म्हून तिच्या हंड्यात पूड रोज मीच ढवळायचो.” सांगताना हसले रे. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी न सांगताच उठून आले, आणि माझा शब्द त्यांनी मानलाही नसता. तुझाच मानतील. पत्र पाठवू नकोस, ये, आणि तुझ्या तोंडानं त्यांना सांग. त्यानंतर आबांचं काय होईल, ते मला विचारू नकोस.

तुझीच,
आक्का