सुरजचा सकाळचा फोन

पुणे, २ जानेवारी

प्रिय पल्लवीताईस, धाकट्याचा सप्रेम जयभीम. मायला माझा वेगळा जयभीम सांग.

पत्र बघून हसू नको. कबड्डीच्या शिबिरात आमचे फोन जमा केलेत, स्पर्धा संपल्यावरच मिळतील. टीमचे मालक शेषरावशेठ म्हणतात, खेळाडूचं ध्यान मैदानातच पाहिजे. माणूस गोड बोलतो. पहिल्याच दिवशी म्हणाले, टीम म्हणजे कुटुंब, अन् कुटुंबात बापाचं ऐकायचं असतं. मंत्री आले तर तेच शेठच्या पाया पडतात, बोल!

एक गंमत. दोन दिवस मला काचेच्या खोलीत बसवून कागद वाचून घेतले. हसून वाच, रडवेलं होऊन वाच, मायला हाक मार. जाहिरातीसाठी म्हणे. चढाईत लागत न्हाई एवढा दम तिथं लागला.

मायच्या गोळ्या चुकवू नको. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा सुरज

डोंगरकडा, ९ जानेवारी

प्रिय सुरजला ताईचा जयभीम अन् एक धपाटा.

लबाडा, फोन जमा केले म्हणून लिहितोस अन् मी अंगणवाडीत गेले की रोज मायला फोन करतोस! माय लई खूश हाय. आठ वाजले की पदर सावरून फोनसमोर बसते.

पण विहारामागचं मैदान शेठच्या अकॅडमीला द्या, सव्वीसच्या ग्रामसभेत हात वर करा, असं काहून सांगून राहिलास? तू तिथंच गुडघे फोडून खेळाडू झालास. वस्तीची चौदा एप्रिल तिथंच होते. एकदा गेलं की परत मिळणार हाय का? मायला म्हणलं तर ती म्हणते, लेकराला कळतं.

फोन तर तू घरोघर केलेस, प्रत्येकाला नावानं हाक मारून. परवा जळबाकाकांच्या फोनवरही आला. कमलकाकूनं उचलला, तर तू म्हणालास, जळबाकाका, तब्येत बरी ना, सभेला नक्की या. अरे, दिवाळीत त्यांना खांदा तू दिलास! मतदारयादीत काकांचं नाव अजून हाय, ती सरकारची चूक. पण तू कसा विसरलास? काकूनं फोन पिठाच्या डब्यात घालून ठेवलाय.

काही होऊन राहिलं असंल तर लपवू नको. माया पातळ करू नको.
तुझी ताई

पुणे, १६ जानेवारी

ताई, जयभीम. घाईत लिहून राहिलोय, अक्षर सांभाळून घे.

मायची आण, मी एकही फोन केला न्हाई. तुझं पत्र घेऊन शेठकडं गेलो. ते रागावले न्हाईत. माझ्यासमोर एक फोन लावला. पलीकडं आपल्या वस्तीतलं कोणीतरी होतं, अन् माझा आवाज त्याला विचारत होता, जेवलात का. मी तोंड मिटून बसलो होतो, ताई. मधला ठसकासुद्धा माझाच होता.

शेठ म्हणाले, काचेच्या खोलीत वाचलंस त्यावरून मशीन तुझा आवाज शिकलं; करारात खेळाडूचा आवाज टीमचा असतो, सही तुझीच हाय. पुढल्या इलेक्शनला साऱ्या जिल्ह्यात असेच आवाज लागणारेत म्हणाले. मग लाडानं एक केळं सोलून दिलं. मी खाल्लं, न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई.

काही कर, पण मायला हात वर करू देऊ नको. तिचं बघून सारी वस्ती करंल. पंचवीसला सकाळी शिबिरातल्या आचारी मुन्नाभाऊच्या फोनवरून मी स्वतः बोलतो. माझा खरा आवाज मायला वळखू येईल.

मला भ्यालेला म्हण, पण विसरू नको.
सुरज

डोंगरकडा, २७ जानेवारी

सुरज, जयभीम.

तुझा फोन आला तेव्हा मी मायजवळच होते. तू रडून राहिला होतास. मायनं निम्म्यातच कट केला. दोन दिवस आधी तो फोनमधला सुरज तिला म्हणाला होता, कोणी माझा आवाज काढून फोन करंल, रडंल, त्याचं ऐकू नका. मी तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती म्हणाली, पत्र कोणीबी लिहील, माझं लेकरू माझ्याशी रोज बोलतं.

सभेत पहिला हात तिचाच वर गेला. मग साऱ्या वस्तीचे. माझा एकटीचा खाली होता. कमलकाकूसुद्धा माझ्याकडं न बघता हात वर करून बसली. ठराव झाला. आज सकाळी आठला त्यानं आभार मानले अन् मायला विचारलं, गोळ्या घेतल्या का. मी रडले, तर माय माझ्यावरच चिडली.

तू करार टाकून निघ, सुरज. मैदान गेलं, पण तू ये. मात्र सरळ घरी जाऊ नको, आधी अंगणवाडीत ये. आजच त्यानं मायला सांगितलंय, माझ्यासारखा दिसणारा कोणी दारात आला तर कडी काढू नका.

माझा लोभ तुझ्यावरच हाय.
ताई