कासिल्दाचा धसका

३ मार्च
आले एकदाची. दवाखान्याला नर्स मिळाली म्हणून गावाने पाव आणि गरम चॉकलेट देऊन स्वागत केलं; मी लाज सोडून चार पाव खाल्ले. राहायला विधवा रेमिहियाबाईकडे खोली मिळाली. तिच्या नऊ वर्षांच्या कासिल्दाला दमा आहे म्हणे, पण छाती तपासली तर स्वच्छ. फक्त हात गार आणि डोळे टक्क उघडे. मक्याच्या कणगीपाशी एक माणूस उभा असतो, असं ती सांगते.

५ मार्च
पोरीने धसका घेतलाय, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. गावची वैदू तिर्सा आजी तोंडावर मेस्काल दारूची चूळ फवारून, नावाने हाका मारून धसका काढते. पण रेमिहियाच काढू देत नाही. मी समजवायला गेले तर म्हणाली, "नर्सबाई, सुया तुम्ही टोचा. पोरीचं मी बघते." असली हट्टी आई मी पाहिली नव्हती.

८ मार्च
रेमिहिया बाजाराला गेली तशी मी आजीला बोलावलं. चूळ फवारून ती ओरडली, "कासिल्दा, ये गं माघारी, तिथं काय तुझं सासर आहे?" पोर हसली. कणगीकडे बघून म्हणाली, गेला. मग गाढ झोपली. मला फार बरं वाटलं.

९ मार्च
सकाळपासून तिच्या छातीत शिट्टी वाजतेय. शिकलेलं आत्ता आठवतंय: माणूस निवांत असला की एक मज्जातंतू फुफ्फुसातल्या नळ्या आवळतो, घाबरला की रक्तात उतरणारा रस त्या सैल करतो. माझ्या इंजेक्शनांत तोच रस आहे. चारच आहेत. पोर भीतीवर जगत होती आणि ती भीती मी काढली. रेमिहिया ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझा थोरलाही असाच बरा झाला होता, बाई."

११ मार्च
इंजेक्शनं संपली. नवी यायला तीन दिवस. तिला घाबरवायला भांडी आपटली, विळा उगारला — माझी भीतीच वाटत नाही तिला.

दुपारी
ओठ निळे. आजी म्हणते, कणगीपाशच्या त्या माणसाला परत बोलावता येतं, पण बोलावणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं. रेमिहिया माझ्याकडे बघत राहिली. मी माझं नाव सांगितलं. तीनदा —

तीन वाजता
शिट्टी थांबली. नखं गुलाबी. श्वास घेतेय, देवा, घेतेय. डोळे टक्क — कणगीकडे नाही. माझ्या खुर्चीमागे —

रेमिहियाने बाहेरून कडी घातली. "तुम्ही इथंच राहा, बाई. म्हणजे तोही पोरीपाशी राहील."

मी वळणार नाही. लिहीत राहीन. हात गार. आणि छाती — इतकी मोकळी — जन्मात कधी इतकी हवा —