नावाड्याचं जास्तीचं वाक्य

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी भांडत सुटते. म्हणून हे पत्र. शेजारचा ट्रकवाला तुझ्याच शहराकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. हवं तर फाडून टाक, पण आधी वाच.

आई तुझा तो पिक्चर रोज बघायची. उडते घोडे, बोलणारी झाडं, तीन डोक्यांचा राक्षस, सगळं पुढे ढकलायची आणि तुझा नावाडी आला की आवाज वाढवायची. तुझा म्हणजे, तोंड त्या परक्या नटाचं, आवाज तुझा. बाबा गेल्यापासून देवासमोर हात न जोडलेली बाई पडद्यासमोर हात जोडायची रे! म्हणायची, हा कुणाकडे भाडं मागत नाही, प्रत्येकाला नावाने ओळखतो, हा देव नाही तर कोण? सुरुवातीला मला बरंच वाटलं. डायलिसिसला जाताना तिची कुरकुर थांबली होती. मशीनला जोडलेली असताना शेजारच्या पलंगावरच्या बाईंना समजावून सांगायची, राक्षस म्हणजे आपला अहंकार, नदी म्हणजे मरण. नर्स तिला प्रवचनकार बाई म्हणून चिडवायच्या.

मग ते वाक्य तिच्या डोक्यात घुसलं. राजपुत्र भर पुरात वल्हवतोय आणि नावाडी म्हणतो, ‘दमलास ना? सोड ते वल्हं. मी आहे.’ आईने ठरवलं, आपलं वल्हं म्हणजे ते मशीन. आणि सोडलं! मी घसा फोडून सांगितलं, अगं, मूळ पिक्चरमध्ये हे वाक्यच नाही. बोलून झाल्यावरही त्या नटाचे ओठ हलत राहिले, ते भरायला दादाने डबिंग करताना स्टुडिओत ऐनवेळी काहीतरी ठोकून दिलं, त्यानेच मला हसत हसत सांगितलंय. तर म्हणाली, मग त्याला नेमकं तेच कसं सुचलं? राजपुत्र शेवटपर्यंत वल्हं सोडत नाही, हेही दाखवलं. तर म्हणे, त्याचा विश्वास कमी पडला. कपाळ माझं! तुला म्हटलं, तूच सांग, तुझंच ऐकेल. तू म्हणालास, तिची श्रद्धा मी कशाला मोडू? त्यावर मी तुला जे काय बोलले, ते आजही मागे घेत नाही.

काल दुपारी तिने पलंगाची कड धरली ती सोडेना. पाय सुजलेत, आडवं झालं की जीव घुसमटतो. म्हणाली, तो आला नाही गं, मला मशीनवर ने. तशीच उचलून नेली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. हृदय आता तेवढं सोसणार नाही, घरीच ठेवा म्हणाले. तिला मी सांगितलं, उद्याचा नंबर लागलाय. तिला भीती वाटतेय, दादा. पिक्चर लावला तर बंद कर म्हणते. शेवटी मीच ते वाक्य म्हणून बघितलं, माझ्या या चिरक्या आवाजात. तिने मान फिरवली. तेव्हा पत्र वाचलंस की याच ट्रकमधून ये. तिला वाचवायला नको, ते आता कुणाच्याच हातात नाही. उशाशी बस आणि नावाड्याच्या त्या आवाजात तिला ते वाक्य सांग. खोटं आहे, मला माहीत आहे, तुलाही. तरी सांग. या खेपेला मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
भांडकुदळ