बिबट्याच्या डोळ्यातली नळी

१९ डिसेंबर
आलो एकदाचा मढला! मंचरपासून रस्त्यात जो तो गाडीकडं वळून बघत होता. बघणारच राव! जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं चाकावरचं घर केलंय मी, आणि डाव्या अंगाला हा भला मोठा बिबट्या रंगवून घेतलाय. कुंडलिककाकांनी त्यांच्या जांभळीखाली जागा दिली. त्यांची बायको सारजाकाकी झाडलोट आणि गाडीत भाड्यानं राहायला येणाऱ्या पावण्यांचं जेवण बघणार. आल्या आल्या पिठलं-भाकरी पुढं ठेवून म्हणाली, मंचरात खायला घालत न्हाईत का काय तुला.

२१ डिसेंबर
प्रोपेनचा हीटर बसवला. सिलिंडर बाहेरच्या पेटीत. जोडांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. जळका विषारी वायू बाहेर टाकायची नळी तेवढी राहिली. तिच्यासाठी पत्र्याला भोक पाडायचं, ते नेमकं बिबट्याच्या डोळ्यात येतंय! परवा पहिले पावणे फोटो काढणार, आणि बिबट्या काणा? छ्या! तूर्तास नळी पलंगाखाली सरकवली. पावण्यांना काच उघडी ठेवायला सांगीन. काकीला फक्त बटण दाखवलं.

२३ डिसेंबर
सारजाकाकी गेली.
पावण्यांसाठी गाडी ऊबदार व्हावी म्हणून दुपारीच हीटर लावून, काचा ओढून आत बसली. मी गाद्या आणायला जुन्नरला, काका रानात. आलो तर बसल्या जागी गार, हातात उशीचा अभ्रा.
कुणाला हाक मारायच्या आधी ड्रिल काढलं आणि बिबट्याचा डोळा फोडला. पोलिसांना सांगितलं, नळी बाहेरच होती, जास्त ऊब लागावी म्हणून म्हातारीनंच आत ओढली. बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

२६ डिसेंबर
गाव काकीलाच येडी म्हणतंय. काका आले. म्हणाले, चाळीस वर्सं चूल पेटवली तिनं, धूर अंगावर घ्यायला ती खुळी नव्हती. चार माणसांत खरं काय ते सांग. मी भडकलो. म्हटलं, तुमची बायको, तुम्ही सांभाळायची. ते निघून गेले.
नळी डोळ्यातून बाहेर काढून तारेनं आवळली.

२७ डिसेंबर
सकाळी नळी आत! कुंडलिकच, दुसरा कोण? नळी परत बाहेर आवळली, कुलूप बदललं. किल्ली माझ्या गळ्यात.

२९ डिसेंबर
परत आत. पलंगावर, माझ्या उशीकडं तोंड करून. तार सोडवून, गुंडाळून, लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. काकी सगळं असंच बांधून ठेवायची.
काका परवापासून लेकीकडं ओतूरला आहेत. मग—
मी म्हणालो होतो, तिनं आत ओढली. आता ओढतेय. माझं बोलणं खरं करून दाखवतेय.

३१ डिसेंबर
नळी परत बाहेर आवळून मंचरला पळालो होतो. उद्या पोलीस परत गाडी बघणार. ही वही इथंच राहिलेली, आणि तिच्यात एकवीस तारखेपासूनची पानं. ती फाडायला आलोय. भर दुपारी, लख्ख उन्हात. घाबरायचं काय त्यात?

पान फाटत नाही. दोन्ही हातांनी ओढलं तरी—

दार लागलं. काचा सरकत नाहीत. हीटर— मी बटणाला हात लावला नाही, आईशप्पथ—

नळी आत येतेय. डोळ्यातून. हळूहळू, विहिरीतून पोहरा ओढावा तशी—

डोकं ठणकतंय. अक्षरं हलतात. काकी, चुकलो गं! खरं लिहितो. गावाला वाचू दे, पोलिसांना वाचू दे. फक्त दार उघड.

नळी तू नाही ओढलीस. तुझ्या नवऱ्यानंच ती—